अपील करायला सांगितलं कोणी? सरकारच्या कोर्टकेस आणि विधानसभा, थोडी पार्श्वभूमी

खान्देशात धरणात, पाझर तलावात नाहीतर हायवेत जमीन गेलेलं घर शोधायला लांब जावं लागत नाही, आणि अशा घरात एक पिशवी असतेच. आमच्या मामांकडे पण आहे, खताच्या गोणीची शिवलेली, आत निवाड्याची नक्कल, सातबारे, वकिलाच्या पावत्या. मामा खालच्या कोर्टात जिंकले, मोबदला वाढवून मिळाला, गल्लीत पेढे वाटून झाले आणि मग सरकारने हायकोर्टात अपील टाकलं. तेव्हापासून मामा कन्नडचा घाट चढून खंडपीठाच्या वकिलाकडे चकरा मारताय. मी एकदा संबंधित ऑफिसात विचारलं की बुवा अपील करायचं ठरवलं कोणी, तर क्लार्क म्हणे वरून आलं. वर विचारलं तर म्हणे खालून प्रस्ताव आला होता.

मग वाटतं आमदाराने अधिवेशनात विचारावं. तिथे उत्तर ठरलेलं असतं, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. म्हणजे केस टाकणारं सरकार, आणि केस टाकली म्हणून सभागृहात बोलायचं नाही असं म्हणणारंही सरकारच. हा नियम मुळात चांगल्या हेतूने आलेला, कोर्टावर दडपण येऊ नये म्हणून, पण त्याचा आडोसा कोणाला झाला ते बघा.

सरकारच्या कोर्टकेसची मुळं इंग्रजांच्या काळात जातात. १८५८ च्या कायद्याने कंपनी सरकार गेलं आणि सरकारवर केस करायची तर सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या, म्हणजे लंडनमधल्या भारतमंत्र्याच्या नावाने करायची असं ठरलं. १८६१ ला कलकत्त्यात पी अँड ओ या बोट कंपनीने सरकारी गोदीच्या मजुरांमुळे आपला घोडा जखमी झाला म्हणून भरपाई मागितली आणि मिळवली पण. सरकारवर दावा करता येतो हे सांगणारं आजचं घटनेचं कलम ३०० त्याच वंशातलं. पुढे १९०८ ची दिवाणी संहिता आली, तिच्या कलम ८० प्रमाणे आपल्याला सरकारवर दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यायची, की सरकारने विचार करावा, जमलं तर मिटवावं. विचार कोण करतो ते सोडा. सरकार आपल्यावर दावा लावतं तेव्हा कलम ८० चा काही संबंध नाही.

आता खरी गंमत पैशाची. सरकार केस हरलं की पैसे द्यावेच लागतात, आणि ते पैसे बजेटमध्ये 'भारित' खर्चात बसतात, 'दत्तमत' म्हणजे सभागृहाच्या मतदानाने मंजूर होणाऱ्या खर्चात नाही. घटनेच्या कलम २०२ मध्ये राज्यपालांचा पगार, कर्जाचं व्याज यांच्याच रांगेत कोर्टाच्या हुकूमनाम्याची रक्कम आहे. भारित म्हणजे त्यावर आमदारांचं मतदानच होत नाही. ही सोय १९३५ च्या कायद्यातून आलेली, आणि कारणही पटण्यासारखं आहे, उद्या सभागृहाने कोर्टाचा निकाल मानायला नकार देऊन पैसेच अडवले तर शेतकऱ्याने जायचं कुठे. पण त्यामुळे झालं असं की ज्याने उगाच अपील टाकून बिल फुगवलं त्यालाही कोणी हिशोब मागत नाही.

बिल कसं फुगतं ते सांगतो. जुन्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यात १९८४ ला दुरुस्ती झाली, वाढीव मोबदल्यावर पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे १५ टक्के व्याज. समजा १० लाख वाढले आणि सरकारने दहा वर्षं लढवत ठेवलं, तर व्याजच १४ लाख ४० हजार. मुद्दलापेक्षा जास्त! बरं, एवढं व्याज चढूनही पैसे वेळेवर मिळत नाहीतच, मग बेलिफ, म्हणजे कोर्टाचा जप्ती करणारा माणूस येतो आणि साहेबांची गाडी, खुर्च्या, कॉम्प्युटर जप्त करायची पाळी येते. गर्दी मोबाईलवर शूटिंग करते, साहेब मुदत मागतात.

लगाम घालायचे प्रयत्न झाले, पण बहुतेक विधिमंडळाच्या बाहेरून. लॉ कमिशनने १९८४ आणि १९८८ ला सरकारी खटल्यांवर दोन रिपोर्ट दिले. १९९१ ला ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकारी कंपन्या आणि सरकार आपापसात भांडणार असतील तर आधी समितीची परवानगी घ्या, आणि २०११ मध्ये कोर्टानेच ते मागे घेतलं कारण त्या समितीमुळेच उशीर व्हायला लागला. २०१० ला केंद्राने राष्ट्रीय खटला धोरण काढलं, त्यात 'कोर्टालाच ठरवू द्या' ही वृत्ती सोडा असं स्पष्ट लिहिलंय. कागद चांगला होता. २०२० मध्ये मध्य प्रदेश सरकार ६६३ दिवस उशिरा सुप्रीम कोर्टात गेलं, तेव्हा कोर्टाने २५ हजारांचा दंड लावला आणि अशा केसना 'सर्टिफिकेट केस' म्हटलं, म्हणजे जिंकायला नाहीच, फेटाळल्याचा शिक्का मिळावा म्हणून जायचं, की बाबा आम्ही वरपर्यंत लढलो, आता आमचा दोष नाही. मला तर मामांच्या अपिलाची सगळी कुंडलीच त्यात दिसली.

आमदारांची लोकलेखा समिती आहे, पण ती कॅगचा, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्यांचा रिपोर्ट आल्यावर, खर्च होऊन गेल्यावर बघते. अमेरिकेत १९८० च्या एका कायद्याने सरकारी खात्याने पटण्यासारखा आधार नसताना केस लढवली तर समोरच्याच्या वकिलाची फी खात्याने द्यायची असं ठरलं, आणि दिलेल्या पैशाचा रिपोर्ट संसदेला जायचा. हा रिपोर्ट १९९५ ला बंद पडला आणि २०१९ ला कायदा करून परत सुरू करावा लागला, म्हणजे तिकडेही विसरतातच.

आपल्याकडे घटनेचं कलम २०३ नीट वाचलं तर भारित खर्चावर मतदान नाही पण चर्चा करायला मनाई नाही. मी हे मामांना सांगितलं, की आपला आमदार बजेटचं ते पान काढून विचारू शकतो. मामा आधी म्हणे, "सरकारले कोन इचारस भाऊ?" मग पिशवी बांधता बांधता म्हणे, "सरकारी वकिलाने पुढची तारीख मागू नये, एवढं त्या आमदारले सांग."