‘किमान एक’ महिला संचालक

मार्च २०१५ च्या अखेरीस भारतात महिला संचालक शोधण्याची झुंबड उडाली होती. शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीच्या संचालक मंडळावर किमान एक महिला हवी, ही अट २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १४९ ने घातली. १९५६ च्या जुन्या कायद्यात असं काही नव्हतं. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने दिलेली १ ऑक्टोबर २०१४ ची मुदत वाढवून १ एप्रिल २०१५ केली, तरी बऱ्याच कंपन्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबल्या.

या कल्पनेचं मूळ नॉर्वेत. तिथले उद्योगमंत्री आन्सगार गाब्रिएल्सेन हे उजव्या पक्षाचे, म्हणजे कोट्याला नाकं मुरडणाऱ्या गोटातले. २००२ मध्ये त्यांनी मंत्रिमंडळातल्या सहकाऱ्यांना न विचारताच एका वृत्तपत्राला सांगून टाकलं, की संचालक मंडळांत ४० टक्के महिला हव्यात. तेव्हा हे प्रमाण शंभरात जेमतेम सहा होतं. २००३ मध्ये कायदा झाला. आधी स्वखुशीने करा म्हणून पाहिलं, कंपन्या हलल्या नाहीत. मग २००६ पासून सक्ती आली आणि दोन वर्षांत पाळलं नाही तर कंपनी विसर्जित करण्याची तरतूदही. २००८ पर्यंत चाळीस टक्के गाठले गेले. काही कंपन्यांनी मात्र स्वरूप बदलून खासगी होत कायद्यातून अंग काढून घेतलं. मोठ्या खासगी कंपन्यांनाही ही अट लावणारा कायदा व्हायला २०२३ उजाडलं.

स्पेनने २००७ मध्ये हाच आकडा घेतला, पण शिक्षेशिवाय, परिणाम बेताचाच. फ्रान्सने २०११ मध्ये दात असलेला कायदा केला.

आपल्याकडे दात दुधाचे. सेबीचा दंड ५० हजारांपासून सुरू होई आणि सहा महिने उलटले की १ लाख ४२ हजार, वर रोजचे पाच हजार. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्याला याची काय मातब्बरी! सरकारी कंपन्याही मागे राहिल्या. शिवाय महिला ‘स्वतंत्र संचालक’च, म्हणजे कंपनीशी वा तिच्या मालकांशी हितसंबंध नसलेली हवी, असं कायद्यात म्हटलंच नव्हतं. त्यामुळे कंपनी उभारणाऱ्या प्रवर्तकांनी पत्नी, मुलगी, सून अशा घरच्याच नेमल्या. कायद्याने ते चुकीचं नव्हतं, आणि त्यातल्या काही जणी कामाच्याही होत्या. पण सरपंचपती पाहिलेल्या महाराष्ट्राला हा प्रकार अनोळखी वाटायचं कारण नाही.

ही पळवाट २०१७ मध्ये सेबीने नेमलेल्या उदय कोटक समितीने दाखवली. सर्वच नोंदणीकृत कंपन्यांत एक महिला स्वतंत्र संचालक असावी, अशी तिची शिफारस होती. सेबीने ती आखडती घेतली: बाजारमूल्यानुसार पहिल्या ५०० कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून, पहिल्या हजारांना वर्षभराने. बाकीच्यांना जुनीच मुभा. आणि मंडळ सहा जणांचं असो वा पंधरांचं, आकडा ‘किमान एक’च राहिला.