बुडावरचा शिक्का वय सांगत नाही

चिनी मातीच्या भांड्याच्या बुडावर चिनी सम्राटाचं नाव दिसलं की भांडं त्याच काळातलं, हा समज चुकीचा आहे. कांगशी सम्राटाचा (१६६२–१७२२) शिक्का एकोणिसाव्या शतकातल्या भांड्यांवरही सर्रास सापडतो. उलट अठराव्या शतकात युरोपसाठी जिंगदेझेन या चीनमधल्या भांड्यांच्या शहरात घडवलेल्या बहुतेक ताटल्यांवर शिक्काच नसतो. अशी अस्सल ताटली केवळ त्यापायी कवडीमोलाने जाते, याचं फार वाईट वाटतं.

त्यापेक्षा ताटली पालथी घाला. बुडाच्या बिनझिलईच्या कडेवरून बोट फिरवा: जुनी कड वापराने गुळगुळीत झालेली असते, झिलई संपते तिथे बऱ्याचदा तांबूस रेघ दिसते. रेघ वरून रंगवताही येते, म्हणून भिंगाने ओरखडे बघा. खऱ्या वापराचे ओरखडे वेड्यावाकड्या दिशांना जातात, मुद्दाम घासलेले बहुधा एकसारखे.

इंग्रजीत ‘चायना’ छापलेलं असेल, तर माल साधारण १८९१ नंतरचा; अमेरिकेच्या जकात कायद्याने तेव्हा मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं.