रोड बाईकचं फिटिंग : सूत्रं, गुडघे आणि वारा

आजच्या रोड बाईकवर मिलिमीटरच्या हिशोबाने बदलता येतील अशा कितीतरी जागा आहेत. सीटची उंची, तिचं पुढे-मागे सरकणं, हँडलला फ्रेमशी जोडणाऱ्या स्टेमची लांबी, हँडलची रुंदी, पेडल ज्या दांड्यावर बसतं ती क्रँक, बुटाखालची क्लीट. १८७० च्या दशकातल्या उंच चाकाच्या सायकलला यातलं जवळजवळ काहीच नव्हतं. पेडल थेट पुढच्या चाकाला जोडलेलं असे. चाक जितकं मोठं, तितकं एका फेरीत अंतर जास्त. म्हणून वेगाची हौस असलेला माणूस पाय पुरेल तेवढं मोठं चाक घ्यायचा. पायाची लांबी हीच सायकलची साइझ आणि तीच वेगाची मर्यादा. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी रोव्हर सेफ्टी सायकल आणली. तिच्या चेनमुळे चाकाचा आकार आणि पायाची लांबी यांचा संबंध तुटला, सीट दोन चाकांच्या मधे आली आणि नेमकं बसायचं कसं, हा प्रश्न पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उभा राहिला.

पुढची कित्येक दशकं त्याचं उत्तर प्रशिक्षकाच्या नजरेवर आणि ऐकीव नियमांवर चाललं. टाच पेडलवर ठेवा, पाय सरळ झाला की उंची बरोबर, हा त्यातला सगळ्यात टिकाऊ नियम. मोजमापाचं पाऊल १९६७ मध्ये पडलं. हॅमली आणि थॉमस या ब्रिटिश संशोधकांनी व्यायामाच्या स्थिर सायकलवर प्रयोग करून सांगितलं, की खाली गेलेल्या पेडलपासून सीटपर्यंतचं अंतर पायाच्या आतल्या बाजूच्या लांबीच्या १०९ टक्के असावं. पुढे फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्या पद्धतीतून ०.८८३ चा गुणक आला. त्यात अंतर क्रँकच्या मध्यापासून, म्हणजे ती ज्या आसाभोवती फिरते तिथून मोजायचं. अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँडमुळे तो जगभर गेला.

ही दोन्ही सूत्रं एकाच माणसाला लावून बघण्यासारखी आहेत. पायाची लांबी ८४ सेंटिमीटर आणि क्रँक १७० मिलिमीटर धरली, तर पहिल्या सूत्राने सीट क्रँकच्या मध्यापासून साधारण ७४.६ सेंटिमीटरवर येते, दुसऱ्याने ७४.२ वर. फरक चार मिलिमीटरचा. क्रँक १७५ ची केली की पहिलं उत्तर ७४.१ होतं, दुसरं मात्र हलतच नाही, कारण त्यात क्रँकची लांबीच धरलेली नाही. बुटाच्या तळव्याची जाडी, पावलाची लांबी, टाच वर ठेवण्याची किंवा खाली सोडण्याची सवय, हेही कुठे नाही. सूत्राला मी म्हणूनच सुरुवातीची खूण मानतो, त्यापलीकडे नाही. आता बरेच फिटर पेडल सगळ्यात खाली असताना गुडघ्याचा वाक २५ ते ३५ अंशांत आहे का ते बघतात. ते जास्त शहाणपणाचं आहे.

शिवाय शरीर बदलतं. १९६९ मध्ये फ्रान्समधल्या ब्लुआच्या ट्रॅकवर बेल्जियन सायकलपटू एडी मर्क्स जबर पडला, कंबरेला मार बसला आणि त्यानंतर त्याची बैठक पूर्वीसारखी कधीच झाली नाही. सीटची उंची तो सतत बदलत राहायचा, कधी कधी तर चालू शर्यतीतही. आणि याच माणसाने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर कापले.

पेडलने गुडघ्यांचा प्रश्न आणखी तीव्र केला. बुटाखालची क्लीट थेट अडकवणारं लूक कंपनीचं क्लिपलेस पेडल १९८४ च्या सुमारास आलं, आणि १९८५ ची टूर द फ्रान्स शर्यत बर्नार इनोने त्यावरच जिंकली. पण पाऊल पेडलला घट्ट अडकलं की क्लीटचा थोडासा तिरकेपणाही हजारो फेऱ्यांतून गुडघ्यालाच सोसावा लागतो. पाऊल थोडं डावी-उजवीकडे वळू देणाऱ्या क्लीट त्यातूनच रुळल्या.

मग आला वारा. सपाट रस्त्यावर वेग वाढला की सगळ्यात मोठा अडथळा हवेचा, आणि त्यातला बहुतेक वाटा सायकलचा नसून स्वाराच्या शरीराचा असतो. १९८९ च्या टूरमध्ये शेवटच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत होती. लॉरां फिन्यों ५० सेकंदांनी पुढे होता. लेमाँडने कोपरं टेकवून पुढे झुकायचं हँडल लावलं, ५८ सेकंद भरून काढले आणि टूर ८ सेकंदांनी जिंकली. हँडलची गोष्ट सगळेच सांगतात. फिन्योंला त्या शेवटच्या दिवसांत सीटवर घासून झालेल्या फोडामुळे धड बसताही येत नव्हतं, हे कमी सांगितलं जातं. मला तेही तितकंच महत्त्वाचं वाटतं.

१९९३ मध्ये ग्रेम ओब्रीने हात छातीखाली दुमडून एका तासाचा विक्रम ५१.५९६ किलोमीटरवर नेला. १९९४ मध्ये त्या बैठकीवर बंदी आली, तेव्हा त्याने हात सरळ पुढे ताणलेली बैठक शोधली. तीच घेऊन क्रिस बोर्डमनने १९९६ मध्ये ५६.३७५ किलोमीटर केले. मग तीही गेली. २००० मध्ये मर्क्सच्या काळासारख्या सायकलवर बोर्डमन पुन्हा उतरला आणि ४९.४४१ किलोमीटरवर थांबला. मर्क्सपेक्षा फक्त १० मीटर जास्त. वय आणि तयारी यांचा वाटा सोडला, तरी त्याच माणसाच्या दोन आकड्यांमधले जवळजवळ सात किलोमीटर मुख्यतः बैठकीचे आणि सामानाचे आहेत.

शर्यतीबाहेर वेगळीच घडामोड चालली होती. १९९० च्या दशकाच्या शेवटी जायंट कंपनीने रचनाकार माइक बरोज यांची उतरत्या वरच्या नळीची टीसीआर फ्रेम आणली. मोजक्या साइझ बनवायच्या आणि उरलेलं स्टेम आणि सीटपोस्टने (सीटखालच्या नळीने) जुळवायचं, हा त्यातला विचार. कारखान्याची सोय झाली, फिटिंगची जबाबदारी मात्र दुकानावर आणि स्वारावर आली. २००७ पासून रेतूलसारख्या यंत्रणा पेडल मारणाऱ्या माणसाचे सांधे कॅमेऱ्याने टिपू लागल्या.

सध्याची चर्चा लहान क्रँकची आहे. २०२४ मध्ये टूर विजेता तादेय पोगाचार १६५ मिलिमीटरच्या क्रँकवर दिसल्यापासून ती वाढली. क्रँक लहान झाली की पेडल वर येताना मांडी पोटाशी कमी दाबली जाते आणि वाकून बसणं सोसतं. पण १७२.५ वरून १६५ वर येताना सीट साडेसात मिलिमीटर वर न्यावी लागते, आणि तेवढंच हँडल सीटच्या मानाने खाली जातं. ज्याची पाठ आधीच कुरकुरते, त्याने स्टेमखाली जागा असेल तर त्याच वेळी एक स्पेसर, म्हणजे हँडल उंचावणारी कडी, वाढवावा.