घाम काय सांगतो? माणूस, घोडा आणि दुखण्याचं मोजमाप

ओहोटी लागली की अलिबागच्या किनाऱ्यावरून घोडागाड्या कुलाबा किल्ल्याकडे निघतात. मे महिन्यात त्या ओल्या वाळूत माणसं आणि घोडे दोघंही घामाने निथळत असतात. घोडा लंगडला तर त्याचं दुखतंय हे कुणालाही कळतं. न लंगडणाऱ्या घोड्याचं काय? कातडीवरचा विजेचा संकेत वाचून ते सांगता येईल का, हा आजच्या संशोधनातला प्रश्न आहे. त्याची मुळं मात्र जवळजवळ दीडशे वर्षं मागे जातात.

१८७८ मध्ये हर्मान आणि लुक्सिंगर या शरीरशास्त्रज्ञांनी मांजराच्या पायाची नस विजेने चेतवली. पंजाला घाम आलाच, शिवाय कातडीत बारीकसा विद्युतप्रवाहही दिसला. घाम रोखणारं अ‍ॅट्रोपीन हे औषध दिल्यावर दोन्ही थांबलं. म्हणजे हा खेळ घामाच्या ग्रंथींचा होता. पुढे १८८८ मध्ये पॅरिसच्या शार्ल फेरे यांनी माणसाच्या हातातून सौम्य प्रवाह सोडला. वास, आवाज, रंग असं काहीही समोर आलं की कातडीचा विजेला होणारा विरोध कमी व्हायचा. दोनेक वर्षांत तारखानोव्ह या दुसऱ्या संशोधकाने दाखवलं की बाहेरून प्रवाह न सोडताही कातडीचं स्वतःचं विद्युतविभव बदलताना दिसतं.

कारण साधं आहे. तळहात-तळपायांच्या ग्रंथी अनुकंपी मज्जासंस्थेच्या, म्हणजे धोक्याच्या वेळी शरीराला आपोआप सावध करणाऱ्या नसांच्या, हुकमावर चालतात. खारट घाम ग्रंथींच्या नळ्यांत चढला की वीज सहज वाहते, आणि ही वाहकता मायक्रोसीमेन्स या एककात मोजतात. पण ती नस दुखण्यानेच चेतते असं नाही. भीती, लाज, अचानक वाजलेला फटाका, काहीही पुरतं. म्हणून तर हेच तंत्र मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी मनातल्या गाठी शोधायला वापरलं आणि पुढे ते खोटं पकडायच्या यंत्रात जाऊन बसलं. (‘घाम फुटला’ हे आपण भीतीबद्दल म्हणतो, दुखण्याबद्दल क्वचितच.)

वेदना आकड्यात पकडायचे इतर प्रयत्नही झाले. १९४० मध्ये न्यूयॉर्कमध्ये हार्डी, वुल्फ आणि गुडेल यांनी कपाळाला काळं फासून त्यावर दिव्याची उष्णता सोडली आणि कळ कुठे सुरू होते ते पाहिलं. त्यातून ‘डोल’ नावाचं वेदनेचं एककही निघालं, पण दवाखान्यात ते रुजलं नाही. शेवटी ‘शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?’ हाच प्रश्न टिकला, आणि त्याला बोलणारा माणूस लागतो. तान्ह्या बाळांना विचारणार कसं? १९८७ मध्ये आनंद आणि हिकी यांनी नवजात बाळांनाही वेदना होतात याचे पुरावे एकत्र मांडले, तोवर अनेक ठिकाणी त्यांच्यावर पुरेशा भुलीविना शस्त्रक्रिया होत असत. त्यानंतर २००० च्या सुमारास ओस्लोच्या हान्ने स्टॉर्म यांनी टाचेला सुई टोचताना बाळाच्या तळपायाची वाहकता पाहिली. निव्वळ आकड्यापेक्षा सेकंदाला किती लाटा उठतात, यावर त्यांनी भर दिला.

या पद्धतीची मर्यादा समजायला कोकणातला विंचू पुरेसा आहे. लाल विंचू चावला की ठणका नांगी मारलेल्या जागी असतो, पण विष चढलं की घाम सगळ्या अंगाला सुटतो, हातपाय गार पडतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ही लक्षणं बारकाईने नोंदवली आणि १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाने कित्येक जीव वाचवले. तो घाम विषाने खवळलेल्या मज्जासंस्थेचा असतो, ठणक्याच्या मापाचा नव्हे. अशा रुग्णाच्या हाताला यंत्र लावलं तर ते कशाचा आकडा दाखवेल?

घोड्याचं गणित आणखी वेगळं. माणसाच्या तळहाताच्या ग्रंथी नसांतून सुटणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलीन या द्रव्यावर चालतात, घोड्याचा घाम मुख्यतः अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांनी सुटतो आणि तोही जवळजवळ सगळ्या अंगातून. त्यात लॅथेरिन नावाचं प्रथिन असतं, त्यामुळे साजाखाली फेस दिसतो. तळहात नाही, अंगभर केस, वर ओझं ओढल्याचा घाम. माणसावरचे आकडे त्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने १९७९ ची व्याख्या २०२० मध्ये सुधारली. बोलता येत नाही म्हणून माणसाला किंवा प्राण्याला वेदना होत नाहीत असं ठरत नाही, हे सोबतच्या टिपांत लिहिलं. घोड्यांसाठी २०१४ मध्ये आलेली मोजपट्टी विजेची नाहीच, ती चेहऱ्याची आहे : मागे ताठ वळलेले कान, आक्रसलेले डोळे, ताणलेल्या नाकपुड्या, आवळलेला जबडा. तिला तार लागत नाही, आणि ती किनाऱ्यावरच्या दमट हवेतही वाचता येते.