लिफ्टमधला फोन तांब्याच्या तारेवरून फायबरवर नेताना: अर्ज, कागदपत्रं आणि चाचणी

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतला माणूस फोनचं बटण दाबतो. ते बटण लँडलाइनला जोडलेलं असेल आणि तुमच्या इमारतीची लँडलाइन फायबरवर गेली असेल, तर आजच ते दाबून बघा. आमच्याकडे फायबर आलं, जुनी जोडणी निघाली आणि लिफ्टचा फोन मुका झाला. चार महिने कुणाला पत्ता नव्हता. कळलं ते पावसातल्या एका संध्याकाळी, लाईट गेल्यावर, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पाऊण तास अंधारात हाका मारत राहिल्या तेव्हा.

यामागचं कारण साधं आहे. तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर वीजही येते, एक्स्चेंजमधून, साधारण ४८ व्होल्टची. घरची लाईट गेली तरी जुना फोन चालायचा तो त्यामुळे. फायबर म्हणजे काच, तिच्यातून वीज येत नाही. भिंतीवरची फायबरची पेटी आपल्याच विजेवर चालते. म्हणजे लाईट गेली की लिफ्ट अडकते आणि नेमका त्याच क्षणी फोनही बंद पडतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडची कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. पण इतक्या लांबलेल्या काळोखात लिफ्टमध्ये कुणी चढतच नाही. धोका असतो तो वीज जाते त्या क्षणाला आणि पुढच्या तास-दोन तासांना. म्हणून पेटीला आणि फोनला बॅटरी हवीच. युरोपातल्या ईएन ८१-२८ या मानकात किमान एक तासाची बॅटरी आणि दर तीन दिवसांनी आपोआप लागणारा चाचणी कॉल सांगितला आहे. तेवढं तरी आपण मागावं.

आधी आपल्या लिफ्टमध्ये काय आहे ते ओळखा. बऱ्याच इमारतींत आतला फोन फक्त वॉचमनच्या केबिनपर्यंत जातो. तो इंटरकॉम, त्याला लँडलाइन लागत नाही, त्यामुळे खालचा अर्जही लागत नाही. (वॉचमन रात्री असतो का, हा प्रश्न मात्र उरतोच.) बटण दाबल्यावर ठरवलेले नंबर एकामागून एक लागत असतील तर तो ऑटोडायलर. तोच या लेखाचा विषय. शंका असेल तर मेन्टेनन्सवाल्या मेकॅनिकला मशीन रूममध्ये टेलिफोनची तार दाखवायला सांगा.

जोडणी फायबरवर नेण्याचा अर्ज टेलिफोन कंपनीकडे कोण करू शकतं? ज्याच्या नावावर जोडणी आहे तो. आणि इथेच बहुतेक गाडी अडते. जुनी बिलं काढून बघा. जोडणी बिल्डरच्या नावावर असते, किंवा कधीकाळच्या सेक्रेटरीच्या. नोंदणीकृत सोसायटी असेल तर आधी नाव बदलून घ्यावं लागतं. त्यासाठी जुन्या ग्राहकाचं संमतीपत्र लागतं. तो सापडतच नसेल तर त्यात महिने घालवू नका, सोसायटीच्या नावाने नवी जोडणी घ्या. १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालची इमारत असेल तर असोसिएशनने अर्ज करावा. सोसायटीच झालेली नसेल तर जबाबदारी बिल्डरची, त्याला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. मालवण-गणपतीपुळ्याकडच्या लॉजवाल्यांनी मालक म्हणून आपल्या व्यवसायाच्या नोंदणीवर अर्ज करायचा.

कागदपत्रांची फाईल एकदाच नीट करा: सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सोसायटीचं पॅन, सही करणाऱ्याला अधिकार देणारा ठराव, त्याचं आधार, पत्त्यासाठी सोसायटीचं लाईट बिल, जुन्या फोनचं शेवटचं भरलेलं बिल. जुनी अनामत परत मिळवायची असेल तर तिची पावती आणि बँक खात्याचा रद्द केलेला चेक. लिफ्टच्या परवान्याची प्रतही ठेवा. तोही अजून बिल्डरच्याच नावावर आहे का, हे याच निमित्ताने बघून घ्या.

महाराष्ट्रात लिफ्टचा कायदा २०१७ चा आहे, त्याआधी १९३९ चा मुंबई लिफ्ट कायदा होता. लिफ्टच्या यंत्रणेत भर घालायची किंवा बदल करायचा तर परवानगीचा प्रश्न येतो. फक्त फोनचं यंत्र बदलत असलात तरी मेन्टेनन्स कंपनीमार्फत जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयाला लेखी विचारा आणि उत्तर फाईलला लावा. लिफ्टच्या डब्यात किंवा पॅनलमध्ये बाहेरच्या वायरमनला हात घालू देऊ नका. ते काम अधिकृत लिफ्ट कंत्राटदाराचंच.

खर्चावरून वाद होतो. तळमजल्यावरचे म्हणतात, आम्ही लिफ्ट वापरतच नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीप्रमाणे (म्हणजे सोसायटीच्या नमुना नियमावलीप्रमाणे) लिफ्टच्या देखभालीचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सदस्यांमध्ये सारखा वाटायचा असतो, कोणी वापरो न वापरो. खर्च समितीच्या मर्यादेत बसतो का ते उपविधीत पाहा, नाहीतर सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या.

आता पर्याय. एक म्हणजे जुना ऑटोडायलर फायबरच्या पेटीच्या फोन पोर्टला जोडणं. हे स्वस्त आहे, पण पेटीला बॅटरी लागते, आणि काही ऑटोडायलर बटणांच्या टोनवर चालतात. डिजिटल जाळ्यात आवाज दाबून पाठवला की ते टोन बिघडू शकतात. दुसरा पर्याय सिमकार्डाच्या यंत्राचा. मला तोच बरा वाटतो, कारण त्यात बॅटरी आतच असते. पण यंत्र ४जीचं घ्या. स्वस्त २जी यंत्रात जिओचं सिम चालत नाही, जिओला २जी जाळंच नाही. सिम सोसायटीच्या नावावर घ्या. सेक्रेटरीच्या नावावर घेतलंत तर तो पदावरून गेल्यावर पुन्हा तोच घोळ. ९० दिवस वापर नसेल तर प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो, आणि आणीबाणीचं सिम तर न वापरलेलंच पडून असतं, म्हणून महिन्याला एक कॉल लावाच. अँटेना लिफ्ट वर-खाली जाते त्या शाफ्टच्या बाहेर, चांगली रेंज असेल तिथे हवी. खाऱ्या हवेत तिचे जोड गंजतात, दरवर्षी पाऊस सुरू होण्याआधी तपासून घ्या.

कोणते नंबर भरायचे याचा विचार इथल्या माणसांकडे बघून करा. आपल्या गावांतल्या इमारतींत निम्मे फ्लॅट वर्षभर कुलूपबंद असतात, अध्यक्ष मुंबईला, घरात राहणारी वयस्क मंडळी. पहिला नंबर मुंबईतल्या अध्यक्षांचा असून उपयोग काय? आधी वॉचमन, मग इमारतीतच राहणारा धडधाकट माणूस, मग लिफ्ट कंपनीचा चोवीस तासांचा नंबर.

जुनी जोडणी लगेच बंद करू नका. नवी लागल्यावर मेन स्विच पाडा, लिफ्टच्या डब्यात एकाला उभं करा, दार बंद करा आणि त्याला बटण दाबू द्या. दोन्ही बाजूंना आवाज स्पष्ट आला पाहिजे. एक तासाने, वीज बंदच असताना, पुन्हा करा. तारीख, वेळ आणि कोणी फोन उचलला हे वहीत लिहा. मगच जुन्या जोडणीचा बंद करण्याचा अर्ज द्या, पोच घ्या आणि अनामत मागा. हे सगळं गणपतीच्या आधी उरकावं, कारण त्या दहा दिवसांत चाकरमानी आले की लिफ्टला उसंत नसते.