रेपोची टूल्स एजंटच्या हाती देण्यापूर्वी
ग्राहकांसाठी माहितीपत्रक, रामबाग, इंदूर

विजयनगरहून फोन येवो की सुपर कॉरिडॉरवरून, पहिला प्रश्न ठरलेला असतो : "एजंटला रेपो जोडून दिला, टूल्स दिली, तरी तो भलतंच करतो. मॉडेल बदलू का?" एजंट म्हणजे दिलेलं काम स्वतः पायऱ्या ठरवून करणारा एआय प्रोग्राम, मॉडेल म्हणजे त्यामागचं एआय, रेपो म्हणजे कोड ठेवायची जागा आणि टूल्स म्हणजे त्या रेपोत वाचायला-लिहायला एजंटला दिलेली फंक्शन्स. बहुतेक वेळा मॉडेल आहे तेच ठेवून टूल्सची वर्णनं नव्यानं लिहावी लागतात. ती कशी लिहायची, आणि आमच्याकडे ती लिहायचं काम देताना काय सोबत आणायचं, ते इथे सांगतो.

एमसीपी सर्व्हर (एजंटला टूल्स पुरवणारा प्रोग्राम), ब्रांच (कोडची वेगळी शाखा), पुल रिक्वेस्ट (शाखेतले बदल मुख्य कोडात घेण्याची विनंती) हे शब्द तुमच्या रोजच्या वापरातले आहेत, असं धरून चालतो. मुद्दा एवढाच, की एजंटला तुमच्या टूलच्या आतला कोड दिसत नाही. त्याला मिळतं टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर्सची स्कीमा, म्हणजे टूलला कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची त्याचा आराखडा. तुमच्या टीममधला नवा मुलगा अडला तर शेजारच्या टेबलावर जाऊन विचारतो. एजंटला ती सोय नाही. लिहिलेलं अपुरं असेल, तर तो अंदाज करतो आणि पुढे जातो.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक एकच आहे. टूल काय करतं ते लिहिलेलं असतं. त्याला लागणारी माहिती कुठून आणायची, ते लिहिलेलं नसतं.

उदाहरण घ्या. रेपो ठेवायच्या गिटहब या सेवेत प्रोग्रामद्वारे, म्हणजे एपीआयमधून, आधीच असलेली फाइल बदलायची, तर त्या फाइलचा सध्याचा एसएचए (मजकुरावरून निघणारी ओळखखूण) द्यावा लागतो. हा एसएचए ब्लॉबचा, म्हणजे त्या फाइलमधल्या मजकुराचा. पण कमिटलाही, म्हणजे साठवलेल्या बदलाच्या नोंदीलाही, एसएचए असतोच, आणि दोन्ही दिसायला सारखे, ४० अक्षरांचे. आमच्याकडे येणाऱ्या स्कीमात त्या पॅरामीटरपुढे नुसतं 'एसएचए' असं लिहिलेलं असतं. एजंट नुकत्याच पाहिलेल्या कमिटचा एसएचए उचलतो, तिकडून 'जुळत नाही' अशा अर्थाची ४०९ एरर येते, आणि तो तीच चूक पुन्हा करत बसतो. टोकन (मजकुराचे तुकडे, ज्यांवर मॉडेलच्या वापराचं बिल लागतं) जळत राहतात आणि दोष मॉडेलला जातो.

तिथे आम्ही असं लिहितो (प्रत्यक्षात इंग्रजीत, इथे मराठीत देतो) : "बदलायच्या फाइलचा ब्लॉब एसएचए. फाइल वाचण्याच्या टूलच्या उत्तरातून घ्यावा. कमिटचा एसएचए चालत नाही. फाइल नवीन असेल तर रिकामं सोडावं." चार छोटी वाक्यं, पण त्यांनी ती फेरी थांबते. एरर मेसेजही आम्ही याच कामात धरतो. नुसतं '४०९' परत पाठवण्याऐवजी "एसएचए जुळला नाही, फाइल पुन्हा वाचून नवा घ्या" असं पाठवलं, तर एजंट स्वतःच सावरतो.

याच जातीची आणखी दोन ठिकाणं. गिटलॅब या गिटहबसारख्याच सेवेत मर्ज रिक्वेस्टला (तिथली पुल रिक्वेस्ट) दोन क्रमांक असतात, एक सगळ्या सर्व्हरभर चालणारा आणि एक त्या प्रोजेक्टपुरता. स्क्रीनवर दिसतो तो दुसरा, आणि टूलला कोणता हवा ते लिहायलाच हवं. दुसरं ठिकाण गिटहबच्या इश्यूंच्या, म्हणजे नोंदवलेल्या अडचणी-कामांच्या, यादीचं. ती एका वेळी ३० नोंदी देते, मागितल्या तर १०० पर्यंत, आणि त्यात पुल रिक्वेस्टही मिसळलेल्या असतात. हे वर्णनात नसेल तर "उघडे इश्यू किती?" याला एजंट शांतपणे '३०' असं उत्तर देतो, आणि ते मॅनेजरच्या रिपोर्टमध्ये जातं. ही चूक एरर देत नाही, म्हणून आम्ही ती आधी शोधतो.

"रीडमी आहे की, तोच टाका," असं बरेचजण म्हणतात. रीडमी (रेपोची ओळख करून देणारी फाइल) माणसासाठी लिहिलेला असतो. त्यात इन्स्टॉल कसं करायचं ते असतं, बॅज असतात, इतिहास असतो. शिवाय टूल्सची वर्णनं साधारणपणे प्रत्येक संभाषणात मॉडेलपुढे जातात, त्यामुळे तिथलं प्रत्येक फालतू वाक्य तुम्ही पुन्हा पुन्हा विकत घेता. म्हणून आम्ही दर पानावर लावत नाही, टूलवर लावतो. एकाच कामाची तीन टूल्स असतील तर दोन काढायला सांगतो, मग आमचं बिल कमी झालं तरी चालेल. आणि जो माणूस ते टूल रोज वापरतो त्याच्यासोबत बसायचा आग्रह धरतो. काहींना तो वेळ जड वाटतो, पण कुठे अडतं ते फक्त त्यालाच माहीत असतं.

एक गोष्ट वर्णनानं होत नाही. "ब्रांच डिलीट करू नये" असं लिहिणं म्हणजे कुलूप नव्हे. एमसीपीमध्ये टूलवर 'फक्त वाचन' अशी खूण करता येते, पण तीही सूचनाच आहे. खरा अडसर अ‍ॅक्सेस टोकनच्या, म्हणजे रेपोत शिरायच्या किल्लीच्या, परवानगीत आणि ब्रांच प्रोटेक्शनमध्ये, म्हणजे ब्रांचवरच्या बंधनांत, घालायचा. पब्लिक रेपोत तर इश्यू कोणीही लिहू शकतो, आणि त्या मजकुरात एजंटला उद्देशून हुकूमही दडवलेले असू शकतात. अशा रेपोसाठी आम्ही वाचणारी आणि लिहिणारी टूल्स वेगळी ठेवतो. हे काम वर्णनांच्या दरातच येतं.

येताना टूल्सच्या स्कीमा आणा, आणि एजंट जिथे चुकला ती संभाषणं जशीच्या तशी आणा. नीटनेटकी करू नका, चुकलेल्या फेऱ्यांतच सगळं सापडतं. टूल्स बरीच असतील तर सगळ्यात त्रास देणारी दोन-तीन आधी आणा. ती नवी लिहून तुमच्याच जुन्या संभाषणांवर चालवून दाखवतो, मग पुढचं ठरवा. अ‍ॅक्सेस टोकन मात्र पाठवू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच. आलेलं टोकन आम्ही वापरत नाही. ते लगेच रद्द करून नवं काढायला सांगतो आणि तुमच्याच मशीनवर बसून काम करतो.