स्कॉटलंडची झिपरी गाय
आमच्या स्कॉटलंड सहलीच्या पाहुण्यांसाठी माहितीपत्रक

ग्लासगो मागे पडून गाडी लॉख लोमंड तलावाच्या काठाला लागली, की एक प्रश्न हमखास येतो: "त्या केसाळ गाई कुठे दिसतील?" दिसतील, आणि पोटभर दिसतील. फक्त त्यांच्याकडे निव्वळ फोटोपुरतं पाहू नका, एवढी आमची विनंती आहे. आपली गाडी ज्या खिंडींतून आणि दऱ्यांतून जाते, त्यांतल्या कित्येक वाटा या गुरांच्या खुरांनी रुळलेल्या आहेत. ते माहीत असलं की प्रवास वेगळाच वाटतो.

हे अंग कशासाठी?

हायलँड गाईच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या या झिपऱ्या गाईच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतला मऊ आणि दाट, ऊब धरून ठेवणारा. वरचा लांब आणि तेलकट, वीतभर किंवा त्याहूनही मोठा. पावसाचं पाणी त्यावरून निथळून जातं. पश्चिम डोंगराळ भागात काही ठिकाणी वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो आपल्यासारखा चार महिन्यांत आटपत नाही. इगतपुरी-अकोले भागातली आपली डांगी गाय तेलकट कातडीच्या जोरावर पावसात उभी राहते, तसंच हे. इथे ते काम केस करतात. कपाळावरून डोळ्यांवर आलेली झुलपं पाहून लोक हसतात, पण पावसाचा मारा आणि उन्हाळ्यातल्या माश्या यांपासून डोळे वाचतात ते त्यांच्यामुळेच.

केस इतके दाट असल्यामुळे थंडीसाठी कातडीखाली चरबीचा जाड थर साठवावा लागत नाही. म्हणून हिच्या मांसात चरबी कमी असते, आणि मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या जातींमध्ये हिला जो मान आहे त्याचं हे एक मोठं कारण. खाण्याच्या बाबतीत ही कमालीची सोशीक. इतर गुरं तोंड लावणार नाहीत असं राठ गवत आणि झुडपांचा पाला खाऊन ती अंग धरते. म्हणूनच आता झुडपं माजलेल्या संरक्षित कुरणांवरही तिला मुद्दाम चरायला सोडतात. वाढ मात्र सावकाश होते. आयुष्य लांब असतं. वयाच्या अठराव्या वर्षीही वासराला जन्म देणाऱ्या गाई आढळतात. वासरू बहुतेक वेळा माणसाच्या मदतीशिवाय, उघड्या माळावरच जन्मतं.

रंग तांबूसच असतो असं नाही. काळी, पिवळसर, भुरी, पट्टेरी आणि पांढरीही दिसेल. शिंगं नर-मादी दोघांनाही असतात: गाईची लांब आणि वर वळलेली, वळूची जाड आणि पुढे झुकलेली. लांब शिंगं दिसली की पाहुणे "तो बघा बैल" म्हणतात. बहुतेक वेळा ती गायच असते.

ज्या वाटेने आपण जातो

पूर्वी डोंगरी कुटुंबाकडे विकण्याजोगं एकच धन होतं, गुरं. दाणा जेमतेम पिकायचा. जमिनीचा खंड भरायचा तो गुरं विकून. १७०७ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड यांची संसद एक झाली, इंग्लंडची बाजारपेठ खुली झाली, आणि शहरांना व आरमाराला लागणाऱ्या खारवलेल्या मांसाची मागणी वाढत गेली. मग दर उन्हाळ्याच्या शेवटी बेटांवरून आणि दऱ्याखोऱ्यांतून हजारो गुरं दक्षिणेकडे निघत.

स्काय बेटावर आपण पुलावरून जातो. हा पूल १९९५ चा. त्याच्या दक्षिणेला काइलरे नावाची चिंचोळी सामुद्रधुनी आहे. तिथून गुरं पोहत मुख्य भूमीवर नेली जात. ओहोटी-भरतीच्या मधली शांत वेळ साधायची, गाईच्या खालच्या जबड्याला दोरी बांधून ती पुढच्या गाईच्या शेपटीला अडकवायची, आणि सगळ्यांत पुढची होडीला. जीभ मोकळी राहील अशीच गाठ मारायची, म्हणजे जनावराला श्वास घेता येतो. पलीकडे गेल्यावर केस झटकून पुन्हा चालायला सुरुवात. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर, त्याहून जास्त नाही. दामटलं तर वजन उतरतं आणि भाव पडतो. पुढे कठीण रस्ता लागला की खुरांना पत्र्या मारत, आपल्याकडे बैलांना मारतात तशाच.

आधी क्रीफ आणि नंतर फॉलकर्क इथे मोठे गुरांचे बाजार भरत. इंग्रज व्यापारी तिथे येत आणि माल पुढे दक्षिणेला नेत. ज्याच्या नावाच्या पाट्या तुम्हाला वाटेत दिसतील, तो रॉब रॉय मॅकग्रेगर (मृत्यू १७३४) मुळात गुरांचाच व्यापारी. धंद्यातलं कर्ज अंगावर आलं आणि तो परागंदा झाला. बॅल्क्विडरला त्याची कबर आहे. पुढे आगबोटी आणि रेल्वे आल्या आणि पायी हाकण्याचा धंदा संपला. त्याच्याही आधी बऱ्याच जमीनमालकांनी कुळांना हुसकावून त्या जमिनींवर मेंढ्या आणल्या होत्या. ग्लेनको ओलांडल्यावर ओसाड दऱ्यांमध्ये पडक्या भिंती दिसतील, तेव्हा हे आठवा. त्या घरांतून माणसं गेली, आणि त्यांच्याबरोबर गुरंही.

१८८४ मध्ये या जातीसाठी संस्था स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी वंशावळीची पहिली वही निघाली. बेटांवरची लहान काळी आणि मुख्य भूमीवरची थोराड तांबूस, असे तेव्हा दोन प्रकार मानत. आता जात एकच. ओबानला तिचे विक्रीमेळावे आजही भरतात.

हेमिश नावाच्या वळूची गोष्ट आम्हाला विशेष जवळची आहे. १९९६ च्या सुमारास गुरांच्या मेंदूच्या रोगाचं संकट आलं, आणि तीस महिन्यांपेक्षा मोठं जनावर खाण्यासाठी विकायला बंदी झाली. सावकाश वाढणाऱ्या या जातीला हा फटका जास्त बसला. कॅलेंडर नावाच्या गावाजवळ किलमाहॉगला हेमिश होता, त्याचाही जीव जाणार होता. लोकांनी त्याच्यासाठी आवाज उठवला आणि तो वाचला. २०१४ मध्ये तो म्हातारपणाने गेला. प्रवासी अजूनही त्याच्या नावाने तिथे थांबतात.

जवळ जाताना

स्वभाव शांत असला तरी वासरू सोबत असेल तर गाईपासून लांब राहा, आणि गाय-वासराच्या मध्ये कधीच उभे राहू नका. गवत, बिस्किटं, पाव काही देऊ नका. जिथे मालक स्वतः खाद्य विकतो तिथेच आणि तेच द्या. फाटक उघडलंत तर लावून घ्या. ग्लासगोतल्या पोलॉक पार्कमध्ये एक कळप आहे. सहलीतल्या दिवसांत पाऊस लागला तरी तिथे त्या दिसण्याची शक्यता चांगली असते.

जेवणाबद्दल

ही मांसासाठी पाळलेली जात आहे. हॉटेलांच्या यादीत 'हायलँड बीफ' किंवा 'स्टेक पाय' (गोमांस भरलेली, भाजलेली पेस्ट्री) दिसेल, तेव्हा गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो. हॅगिस हा इथला मांसाहारी पदार्थ मेंढीचा असला तरी त्यात बऱ्याचदा गाईची चरबी घालतात, आणि सूप वा ग्रेव्हीचा अर्कही गाईच्या मांसाचा असू शकतो. तुम्हाला यातलं काय चालत नाही ते निघण्याआधी आमच्या फॉर्मवर लिहा. आम्ही प्रत्येक हॉटेलला आदल्या दिवशी कळवतो आणि तुमचं ताट येण्यापूर्वी स्वयंपाकघरात पुन्हा विचारून घेतो.